फ्रीजर पेपर लावून क्विल्ट शिवणं – आईच्या जुन्या सुती साडीला चालेल का?

चिंधी_चिंधी
नमस्कार मंडळी, मी ओहायोत असते, गेल्या हिवाळ्यापासून क्विल्टिंग शिकतेय. बहिणीला बाळ होणारे, त्याच्यासाठी आईच्या जुन्या सुती साड्यांची छोटी गोधडी करायला घेतलीये, 36 बाय 36 इंच, म्हणजे 9 इंची 16 ब्लॉक (जोडून केलेले चौकोन) आणि प्रत्येकात आठ टोकांचा तारा. टोकं अणकुचीदार यावीत म्हणून साध्या कागदावर नक्षी छापली, मागून कापड लावलं आणि रेघेवरून कागदासकट टीप मारली, टाक्याची लांबी 1.5 मिलिमीटरवर ठेवून. शिवताना छान झालं हो, पण कागद फाडून काढायला बसले तेव्हा जीव कासावीस झाला. साडी वीस वर्षं नेसलेली, मऊसूत, कागद ओढला की टीपही ओढली जाते, दोन ठिकाणी शिवणीलगत कापड विरलंच आणि टोकांमध्ये कागदाचे कपटे अडकलेत ते सुईने कोरून काढतेय. त्यात एक पोपटी कोयऱ्यांची साडी आहे, तिचे मोजकेच तुकडे उरलेत, ते मला अजिबात वाया घालवायचे नाहीत.
इथल्या दुकानातल्या बाई म्हणाल्या फ्रीजर पेपर घे (फ्रीजरमध्ये ठेवायचे पदार्थ गुंडाळायचा कागद), म्हणून रेनॉल्ड्सचा रोल आणलाय. पण त्याला एका बाजूने प्लॅस्टिकचा लेप आहे, तो इस्त्रीने साडीला चिकटवायचा म्हणजे धाकधूक वाटते. डाग राहतो का? आणि हाही शेवटी फाडायचाच असेल तर फायदा काय?

पाव_इंच_माया
अगं नाही फाडायचा, तीच तर गंमत आहे त्याची! मी बारा वर्षं हेच वापरतेय. या पद्धतीत टीप कागदातून जातच नाही, कागद दुमडायचा आणि घडीच्या अगदी कडेने कापडावर टीप मारायची. सुई कागदात शिरलीच नाही तर फाडणार काय? म्हणून टाकाही बारीक नको, नेहमीचा 2 किंवा 2.5 ठेव, चुकलं तर उसवताना जुनं कापड वाचतं. 1.5 चा टाका साडीतून उसवायचा म्हणजे कापडाची चाळणी होते.
आता नीट सांगते. नक्षी कागदाच्या मॅट बाजूवर काढायची, चकचकीत बाजू कापडाच्या उलट्या बाजूला. शिवायच्या आधी सगळ्या रेघा दुमडून घे, आणि त्यासाठी मी काय करते तर मशीनमध्ये दोरा न ओवता रेघांवरून नुसती सुई चालवते, चार कागद स्टेपल करून एकदम, भोकांची ओळ पडते आणि कागद तिथेच बरोबर मोडतो. सोळा ब्लॉकना रेघा काढत बसायचा त्रासही वाचतो.
मग पहिला तुकडा इस्त्रीने चिकटव. कागद रेघेवर मागे दुमड, घडीच्या पुढे पाव इंच माया ठेवून कापड काप. दुसरा तुकडा सुलट्यावर सुलटा ठेव, कडा जुळव आणि घडीला सुई घासेल न घासेल अशी टीप मार. कागद परत उलगड, दुसरा तुकडा उघडून त्यावर इस्त्री फिरव की तोही चिकटतो. पुढे तेच.
डागाची काळजी करू नको, लेप कागदावरच राहतो, कापडाला नुसता धरतो. कोरडी इस्त्री, वाफ बंद, पाचेक सेकंद. वाफ लागली की कागद आकसतो आणि सुटतो. नवा कागद तसाही उष्णतेने थोडा आकसतो, म्हणून मी नक्षी काढायच्या आधीच त्यावर एकदा इस्त्री फिरवते, नाहीतर ब्लॉक जोडताना टोकं जुळत नाहीत. एक कागद चार-पाच ब्लॉकना सहज पुरतो, धरेनासा झाला की दुसरा घ्यायचा.

पुण्यातली_सुई
वाचून खूप बरं वाटलं, आईच्या साड्यांची गोधडी म्हणजे काय ऊब असते! माझी आजी गोधडी शिवायची तेव्हा तुकडे मापाने कापून आधी जोडायची भानगडच नव्हती, साडीच्या थरांवर ठिगळ ठेवायचं, कड बोटाने आत मुडपायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. जुनं कापड त्या थरांवरच टिकायचं, तुकड्यावर एकट्यावर ताण यायचाच नाही. तुझ्या ताऱ्यांत प्रत्येक तुकडा सुटा आहे म्हणून त्याला कागदाचा आधार हवाच, विशेषतः उरेब कडांना, त्या हात लावला तरी ताणल्या जातात.
माझं एक सांगणं, कापायच्या आधी साडीला खळ दे. मी तांदळाची पेज गाळून पातळ करून लावते, सावलीत वाळवते आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करते. कापड कागदासारखं कडक होतं आणि कात्रीखाली सरकत नाही. नंतर गोधडी धुतली की निघून जाते. विरलेले तुकडे उजेडासमोर धरून बघ, जिथे धागे विरळ दिसतील तिथला भाग घेऊच नको.
इथे आमच्याकडे मला फ्रीजर पेपर मिळाला नाही. बटर पेपर घेऊन पाहिला, तो चिकटत नाही. मी साधाच ए फोर कागद घेते, पहिला तुकडा पाण्यात धुऊन जाणाऱ्या ग्लू स्टिकने टेकवते आणि ताईंनी सांगितलं तसंच घडीच्या कडेने शिवते. प्रत्येक तुकड्याला टिपका लावावा लागतो म्हणून वेळ जातो, पण फाडणं नाही.

रात्री_शिवणारी
दोन गोष्टी घालते. एक, नक्षी प्रिंटरवर छापणार असशील तर कागद मापाने कापून इंकजेटमध्येच घाल. लेझर प्रिंटर आतून तापतो, त्यात लेप वितळून चिकटेल. दुसरं, रेघा मागच्या बाजूने असतात म्हणून पुढून सगळं उलटं दिसतं. ताऱ्याला फरक पडत नाही पण कोपऱ्यात बाळाचं अक्षर किंवा मोर घालणार असशील तर नक्षी आधी आरशातल्यासारखी उलटी करून घे.
आणि जरीचा काठ वापरणार असशील तर त्यावर हा कागद लावू नकोस, माझ्या काठाचे धागे कागद सोलताना वर आले होते. काठाची सरळ पट्टीच बॉर्डरला लाव.

चिंधी_चिंधी
सगळ्यांचे मनापासून आभार! शनिवारी खळ दिली आणि आज तीन ब्लॉक झाले. पहिल्यात एक घोटाळा झाला, ज्या भागावर अजून कापड नव्हतं तो उघडा चकचकीत भाग इस्त्रीच्या टेबलाच्या कव्हरलाच चिकटला आणि उचलताना सगळा ब्लॉक तिरका ओढला गेला. सुदैवाने पोपटी तुकडा नव्हता. हे सगळ्यांचं होतं का?

पाव_इंच_माया
होतं ग, मी सांगायला विसरले. टेबलावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर अंथर, त्याला काहीच चिकटत नाही. आणि इस्त्रीचा तळ चकचकीत बाजूला कधीही लागू देऊ नको, इस्त्रीला लेप बसतो. टोकं कशी आली?

चिंधी_चिंधी
पार्चमेंट घातला, आता मस्त चाललंय! तिसऱ्या ब्लॉकचं मधलं टोक बघताना माझाच विश्वास बसेना, आठही टोकं एका ठिपक्यात मिळाली आणि कागद सोलला तेव्हा एक धागासुद्धा हलला नाही. पण काढला आणि ब्लॉकच्या बाहेरच्या कडा लगेच लोळायला लागल्या. कागद आधीच काढला ते चुकलं का?

पाव_इंच_माया
हो, शेजारचा ब्लॉक जोडेपर्यंत कागद राहू दे. म्हणजे तुला जास्त कागद कापावे लागतील, पण बाहेरच्या कडा उरेब असतात ना. जोडताना दोन्ही कागदांचे कोपरे टाचणीने आरपार जुळव, कागदाच्या कडेने टीप मार आणि मग चारही बाजू जोडून झालेल्या ब्लॉकचाच काढ. जो आता मोकळा झालाय त्याच्या पाठीला तोच कागद पुन्हा इस्त्रीने लाव, कडा ओढू नकोस, नुसती वरून दाबून ठेव.

चिंधी_चिंधी
लावला, बसला परत. पोपटी तुकडे मधल्या चार ब्लॉकसाठी ठेवलेत, ते उद्या सकाळच्या उजेडात कापते.