हतनूर ते प्रकाशा : तापीतील प्लवक अंतरानुसार का बदलत नाहीत?

तापीतीर, भुसावळ
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी फेब्रुवारीत तापीचे पाणी तीन ठिकाणी तपासले : हतनूर धरणाचा फुगवटा, अमळनेर तालुक्यातील एक उथळ, खडकाळ पट्टा आणि प्रकाशाचे बॅरेज. प्रत्येक ठिकाणी ५० लिटर पाणी ६० मायक्रॉनच्या जाळीतून गाळले. नदी खाली जाईल तसे प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे सूक्ष्म जीव, क्रमाने वाढत जातील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन्ही टोकांच्या नमुन्यांत कोपेपॉड आणि क्लॅडोसेरा हे बारीक कवचधारी प्राणी भरपूर निघाले. मधल्या नमुन्यात मात्र थोडे रोटिफर (आणखी बारीक प्राणी) आणि गोम्फोनेमासारखे डायटम (एकपेशीय शैवाल), एवढेच. माझी मोजणी चुकली, की हा पूर्णा या उपनदीच्या पाण्याचा परिणाम आहे?

जलजीव
पूर्णा चांगदेवला, म्हणजे हतनूरच्या वरच मिळते. आपली तिन्ही ठिकाणे संगमाच्या खाली असल्यामुळे त्यांच्यातील फरक तिच्या माथी मारता येणार नाही. मोजणीही मला बरोबर वाटते. येथे अंतरापेक्षा पाणी किती दिवस थांबते, हे महत्त्वाचे आहे. सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला, तर पाणी दिवसाला सुमारे ४३ किलोमीटर जाते आणि मुलताईपासून समुद्रापर्यंतचे ७२४ किलोमीटर साधारण १७ दिवसांत संपतात. तेवढ्या काळात रोटिफरच्या काही पिढ्या सहज होतात, परंतु नॉप्लियस आणि कोपेपोडाइट अशा अनेक अवस्थांतून जाणाऱ्या कोपेपॉडची एखादीच पिढी कशीबशी पुरी होते. धरणात पाणी अडले की ही घाई संपते, गाळ खाली बसतो, उजेड खोलवर जातो आणि संथ वाढणाऱ्यांनाही सवड मिळते. म्हणून तापी आज एक सलग नदी नसून हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि पुढे गुजरातेत उकाई अशी तळ्यांची माळ आहे, असे धरूनच आकडे वाचावेत. सुरतेजवळच्या खाडीत क्षारता वाढल्यावर मात्र गोड्या पाण्यातील बहुतेक जाती मागे पडतात. राहिला गोम्फोनेमा : तो देठाने दगडाला चिकटून वाढतो. आपल्याला मिळाला तो प्रवाहाने खरवडून आणलेला पाहुणा; त्याला खरा प्लवक म्हणू नये.

प्रकाशेकर
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त ऋतू विसरू नका. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की गढूळ लोंढा सगळेच धुऊन नेतो, आणि त्या दिवसांत तिन्ही नमुने सारखेच रिकामे दिसतील. उन्हाळ्यात उलट अडचण येते. मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शैवालाच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असल्यामुळे तो वर तरंगतो आणि वारा त्याची हिरवी साय एका काठाला लोटतो. मी एकदा केवळ घाटावरचे पाणी भरून आणले आणि नदीभर निळे-हिरवे शैवाल माजल्याचा निष्कर्ष काढून बसलो होतो. नमुना पात्राच्या मध्यातूनही घ्यावा.

जलजीव
एक गोष्ट राहिली. ६० मायक्रॉनची जाळी प्राणिप्लवकांना ठीक आहे, पण सायक्लोटेलासारखे बारीक डायटम तिच्यातून निसटतात. वनस्पतिप्लवकांसाठी पाणी न गाळता एक लिटर बाटलीत घ्यावे, फिक्कट चहासारखा रंग येईपर्यंत लुगॉलचे (आयोडीनचे) द्रावण घालावे आणि पेशी तळाशी बसल्यावर मोजाव्यात.

तापीतीर, भुसावळ
मन:पूर्वक आभार. म्हणजे माझा वनस्पतिप्लवकांचा तक्ता बादच समजतो. मार्चच्या फेरीत जाळीबरोबर बाटल्याही नेईन आणि प्रत्येक ठिकाणी प्रवाहाचा वेगही नोंदवीन.