पिशवी काढल्यावर अंग बाहेर येणं

‘गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पोटावरून केलं की पुढे अंग (योनीचा भाग) बाहेर येत नाही, खालून म्हणजे योनीमार्गे केलं की येतं’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. खालून पिशवी काढतात ती बऱ्याचदा अंग आधीच बाहेर येत असतं म्हणून. सैलपणा जुना, नाव खराब होतं ऑपरेशनचं! खरं महत्त्व टाक्यांना: पिशवीचं तोंड तोलून धरणारे बंध योनीच्या वरच्या टोकाला पुन्हा नीट बांधले का? हे कळायला डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोटही मागून घ्या.

पिशवी काढताना तिचं तोंड तसंच ठेवल्याने लघवीचा त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तोंड ठेवलं तर पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) मात्र चालू ठेवावी लागते.

केगेल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. वारा रोखल्यासारखं आत-वर ओढायचं, श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. लघवीची धार अडवून रोजचा व्यायाम करू नये. सहा आठवडे भरलेली कळशी दुसऱ्या कुणीतरी उचलावी, आणि कुंथणं टाळावं. (बीडकडच्या ऊसतोड बायकांना पुरता आराम न मिळताच मोळ्या उचलाव्या लागतात, त्यांना हे कोण सांगणार?)

खाली गोळा जाणवला किंवा लघवी अर्धवट राहतेय असं वाटलं तर दाखवून घ्या. कित्येकींचं रिंग पेसरीवरही (अंग आत धरून ठेवायला योनीत बसवायची कडी) भागतं.