अरिमात्सूची बांधणी

रेवती: सुप्रभात सगळ्यांना! काल सुट्टी होती म्हणून इथे जपानात अरिमात्सूला जाऊन आले. नागोया शहरातून लोकलने २०-२५ मिनिटं. सोळा फोटो टाकतेय, बाबा ओरडू नका.

शुभाआत्या: अगंबाई, ही तर आपली बांधणी!

रेवती: हो ना आत्या! इथे शिबोरी म्हणतात. १६०८ मध्ये गाव वसवलं, पण शेतीत भागेना. मग तोकाइदो रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूंना ठिपक्यांचे सुती पंचे विकायला लागले. त्या पंच्यांवर गाव तरलं.

मकरंदकाका: तोकाइदो म्हणजे एदो, आताचं तोक्यो, ते क्योतो?

रेवती: तोच. जुनी दुकानं अजून त्याच रस्त्यावर आहेत. १७८४ च्या आगीत गाव जळलं, तेव्हा गवती छपरं जाऊन कौलं आली, भिंतींना जाड गिलावा.

आई: खाल्लंस काय ते सांग आधी

रेवती: किशिमेन, चपट्या शेवया. वर मासा नव्हता, पण रस्सा मासळीचाच निघाला. मग भाताचा गोळा, आत खारवलेलं आंबट फळ. आपल्या लोणच्याच्या फोडीसारखं.

शुभाआत्या: ते राहू दे. बांधतात कशी?

रेवती: दीड तास बसले आत्या, एक रुमाल. समोर लाकडी खांब, त्याला वाकडी सुई. कापड आकडीत अडकवायचं, बोटांनी चुण्या गोळा करायच्या आणि दोरा गच्च गुंडाळत जायचं. जरा सैल पडला की रंग आत शिरतो. माझे तीन सैल निघाले. शेजारच्या आजी न बघता करत होत्या. त्यांना हा एकच प्रकार येतो म्हणे! पूर्वीपासून तशीच रीत, एका माणसाने एकच बांधणी करायची. प्रकार शंभराच्या आसपास, त्यामुळे एक कापड तीन-चार हातांतून जायचं.

शुभाआत्या: माझ्या भुजच्या ओढणीचे दोरे दुकानदाराने सोडलेच नव्हते. दोन बाजूंनी धरून ओढली, तड् तड् आवाज करत सगळे सुटले. छापील नाही याची खात्री पटावी म्हणून.

रेवती: इथेही शेवटी तसंच ओढतात! आणि चुण्या तशाच ठेवतात.

आई: मग इस्त्री?

रेवती: करायची नाही. ती फुगीर टोकंच तर हवीत.

मकरंदकाका: ओकेहाझामाची लढाई तिथेच ना? १५६०. सरदार नोबुनागा दोन-तीन हजार सैन्य घेऊन, समोर शत्रू इमागावाचे पंचवीस हजार. पाऊस कोसळला आणि हा थेट त्याच्या छावणीवर. आपलं लाल महाल प्रकरण १६६३ चं, म्हणजे हे त्याच्या शंभर वर्षं आधी!

रेवती: पुढच्याच स्टेशनजवळ काका. पण दोन रणांगणं आहेत. एक नागोयात, दुसरं शेजारच्या तोयोआके शहरात. दोन्हीकडे पाटी, "लढाई इथेच झाली."

मकरंदकाका: मग तू कुठे गेलीस?

रेवती: तोयोआकेला. दुसरीकडे जायला पाय राहिले नव्हते.

मकरंदकाका: अर्धवट काम. पुढच्या सुट्टीत दुसरं बघ आणि फोटो टाक.

शुभाआत्या: आणि मला निळी ओढणी. दोऱ्यांसकट.