मदत हवी आहे: जुना लष्करी डिझेल ट्रक (एम३५ए२) वीस मिनिटं चालून बंद पडतोय

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही, हौशी माणूस आहे, पाना कुठल्या बाजूला फिरवायचा एवढं कळतं, बाकी पुस्तक वाचून आणि हात काळे करून शिकतोय.

गाडी एम३५ए२, तोच अडीच टनी सहाही चाकं ओढणारा लष्करी ट्रक, इंजिन एलडीटी-४६५ मल्टिफ्युएल (अनेक इंधनांवर चालणारं), टर्बोवालं. माझ्याकडे येण्याआधी बरीच वर्षं शेडमध्ये उभा होता. बॅटऱ्या नवीन टाकल्या (१२ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये, २४ व्होल्ट), सेल्फ मारला आणि दुसऱ्या झटक्याला चालू झाला, एवढा धूर आणि एवढा आवाज की घरातले सगळे बाहेर आले.

प्रॉब्लेम असा. थंड असताना मस्त चालू होतो, आयडलला एकदम ठणठणीत, हवेचं प्रेशर भरतं, बझर बंद होतो, निघालो की पंधरा-वीस मिनिटं सुरळीत. मग चढ आला किंवा लोड पडला की पिकअप जातो, रेस दिली तरी आर.पी.एम. चढत नाही, फडफडतो आणि शेवटी बंद. अर्धा तास थांबलं की काहीच झालं नाही असा परत चालू होतो. आणि परत तेच.

आत्तापर्यंत काय केलं: डिझेलचे तिन्ही फिल्टर बदलले (प्रायमरी, सेकंडरी, फायनल), एअर काढली, एअर क्लीनर साफ केला. टाकीतलं जुनं डिझेल जेवढं निघालं तेवढं काढून नवीन भरलं. फरक शून्य. एकाने सांगितलं इंजेक्शन पंप गेला, बदल. ते ऐकून झोप उडालीये.

बाकी किरकोळ: ब्रेकचं पेडल पहिल्यांदा जरा खाली जातं, दुसऱ्यांदा मारलं की ठीक लागतं. मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलने दाब तयार होतो तो) अधूनमधून ब्रेक ऑइल टाकावं लागतं पण चाकांपाशी कुठेही गळती नाही, चारदा खाली जाऊन बघितलं. इंजिन ऑइल मात्र अजिबात कमी होत नाही, उलट डिपस्टिकवर थोडं वरच दाखवतं, म्हणजे तेवढं तरी बरं आहे.

कुठून सुरुवात करू?

गंजलेला_बोल्ट:
पंप बदलू नका! हात जोडतो. ज्याने सांगितलं त्याला सांगा की पंप गेलेला असता तर अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरा झाला नसता. म्हणजे गरम झाल्यावर रुसणारे पंप असतात, नाही असं नाही, पण तुमची लक्षणं उपाशी इंजिनाची आहेत. डिझेल पोचत नाहीये.

पहिली फुकटची टेस्ट: बंद पडला रे पडला की लगेच खाली उतरून टाकीचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि लगेच सेल्फ मारून चालू झाला तर टाकीचा व्हेंट चोक आहे. डिझेल बाहेर जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाहीये, टाकीत व्हॅक्यूम होतो, थांबलं की हळूहळू हवा शिरते.

दुसरी: स्विच ऑन करा, इंजिन चालू न करता, आणि टाकीच्या तोंडाला कान लावा. टाकीच्या आत इलेक्ट्रिक पंप आहे, त्याची घरघर ऐकू यायला हवी. नसेल येत तर तो मेलाय. गंमत अशी की तो मेला तरी हे इंजिन चालतं, कारण इंजेक्शन पंपावर स्वतःचा सप्लाय पंप आहे, तो लांबून ओढत राहतो. त्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो की आतला पंप बंद आहे. पण मग टाकीपासूनची अख्खी नळी ढकलली जाण्याऐवजी ओढली जाते, आणि ओढणाऱ्या नळीला टाचणीएवढं भोक असलं तरी तिथून डिझेल गळत नाही, हवा आत येते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत.

पाना_बत्तीस:
डिझेलचं नंतर बघू. दादा, तुम्ही "किरकोळ" म्हणून जे लिहिलंय त्याने माझ्या अंगावर काटा आला. त्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे. आजच्या गाड्यांसारखं पुढचं वेगळं मागचं वेगळं असं काही नाही. एक मास्टर सिलिंडर, तिथून एअरपॅक (हवेवर चालणारा ब्रेक बूस्टर), तिथून सहाही चाकांना. एक नळी फुटली, एक व्हील सिलिंडरचा कप गेला की सगळे ब्रेक एकदम जातात. रिकामी गाडी जवळजवळ सहा टन आहे. हँडब्रेक मागच्या चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मागे शाफ्टवर एक ड्रम आहे त्यावर आहे, उभी गाडी धरायला ठीक, पळती गाडी थांबवायला त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आता ऑइल जातं पण गळती दिसत नाही याचं एकच उत्तर मला माहितीये, एअरपॅक. तो हवेच्या जोरावर हायड्रॉलिक प्रेशर वाढवतो, म्हणजे एकाच डब्यात एका बाजूला हवा आणि एका बाजूला ब्रेक ऑइल. मधले सील गेले की ऑइल हवेच्या बाजूला शिरतं आणि तिथून व्हेंटमधून बाहेर उडून जातं. जमिनीवर एक थेंब सापडणार नाही. एअर टँक पूर्ण रिकामे करा (खालचे कॉक उघडून, सगळे, गेजवर शून्य दिसेपर्यंत), मग एअरपॅकच्या हवेच्या बाजूची नळी सोडा आणि आत बोट फिरवा. ओलं लागलं तर विषय संपला.

तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. चाकांना लाकडी ठोकळे लावून उभी करा.

धागाकर्ता:
बोल्टभाऊ, धन्यवाद, दोन्ही टेस्ट उद्या करतो. पानाभाऊ, काळजीबद्दल आभार पण मी सावकाशच चालवतो, चाळीसच्या वर नेतच नाही, आणि दुसऱ्यांदा पेडल मारलं की ब्रेक व्यवस्थित लागतात. इंजिनाचं आधी मिटलं की ब्रेकला हात घालेन असा विचार होता.

पाना_बत्तीस:
दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळेल तेव्हा ना.

शेवाळ_इन_टँक:
वरच्या दोघांशी सहमत, पण तिसरी गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन ऑइल वाढतंय ही चांगली बातमी नाहीये हो! ऑइल आपोआप कसं वाढेल? डिझेल मिसळतंय त्यात. या इंजिनाचा इंजेक्शन पंप इंजिनच्याच ऑइलवर चालतो, त्यामुळे पंपाच्या हायड्रॉलिक हेडचे (डिझेलला प्रेशर देणारा वरचा भाग) किंवा सप्लाय पंपाचे सील गेले की डिझेल थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत ते रबर वाळून कडक झालेलं असतं, नवीन डिझेल लागलं की आणखी बिघडतं.

डिपस्टिक काढून वास घ्या. मग एक थेंब कागदावर टाकून रात्रभर ठेवा, मधला काळा डाग आणि त्याभोवती लांब पसरलेलं फिकट तेलकट कडं दिसलं तर डिझेल आहे. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत, आणि लेव्हल फार चढली तर ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणारी नळी) ऑइल ओढून इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. डिझेल बंद केलं तरी थांबत नाही मग. हे इंजिन चावीने बंद होत नाही हे तुम्हाला माहिती असेलच, स्टॉपची केबल ओढावी लागते, ती मोकळी आहे ना बघा, आणि चालू करताना एअर क्लीनरच्या तोंडावर दाबायला एक जाड फळी जवळ ठेवा. फळी, हात नाही.

ऑइल पूर्ण बदला, वीसेक लिटर लागेल, १५डब्ल्यू-४० चालतं, दोन्ही ऑइल फिल्टर पण. मग पाच-दहा तास चालवून लेव्हल परत बघा म्हणजे किती वेगाने वाढतंय ते कळेल.

अवांतर_आजोबा:
अवांतर: हे इंजिन काहीही पितं म्हणून त्याला मल्टिफ्युएल म्हणतात, त्यामागची युक्ती जर्मनीच्या मॅन कंपनीची. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी असते, डिझेल हवेत फवारण्याऐवजी त्या वाटीच्या गरम भिंतीवर पातळ थर देतात, तो थर वाफ होत होत जळतो. म्हणून डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडीअडचणीला पेट्रोल मिसळलेलं, सगळं चालतं. आपल्या लष्कराचा शक्तिमान ट्रक पण मॅनच्याच लायसन्सवर बनायचा, तेव्हा नातं लांबचं का होईना आहे. चालू द्या.

गंजलेला_बोल्ट:
आजोबा, काहीही चालतं म्हणून लोक त्यात वापरलेलं काळं ऑइल ओततात आणि मग फिल्टर चोक झाला की इथे येऊन रडतात.

धागाकर्ता:
अपडेट. शनिवार-रविवार खालीच होतो.

झाकण सैल करून काही फरक नाही, फुस्स नाही काही नाही. कान लावला, टाकीत स्मशानशांतता. कनेक्टर सोडून मीटर लावला तर करंट येतोय, २४ च्या वर दाखवतोय, म्हणजे वायर ठीक, पंपच मेलाय. पंप बाहेर काढला तर मंडळी, त्याच्या खालच्या जाळीवर काळा चिकट गाळ आणि त्यात गंजाच्या पापुद्र्या, जाळीची दोन बोटं जागा मोकळी असेल नसेल. टाकीत टॉर्च मारून बघितलं तर तळाला हेच सगळं. मी जे डिझेल काढलं ते वरवरचं निघालं, खालचा गाळ तसाच होता. आता अर्ध्या तासाचं कोडं सुटलं, चालताना ओढीने पापुद्र्या येऊन जाळीला चिकटत होत्या आणि थांबलं की सुटून खाली बसत होत्या. त्या माणसाचं ऐकून इंजेक्शन पंप उतरवला असता तर नवीन पंप लावून परत वीस मिनिटांनी बंद.

आणि पानाभाऊ, माफी मागतो. टँक रिकामे करून एअरपॅकची नळी सोडली, बोट घालायची गरजच पडली नाही, ऑइल टपकलं. अर्धी वाटी तरी असेल.

ऑइलला पण डिझेलचा वास येतोय. कागदावर कडं आलं. म्हणजे ज्याला मी चांगली बातमी म्हणत होतो ती पण गेली.

गाडी ठोकळ्यांवर आहे. आता प्रश्न: ब्रेकमध्ये आधीच्या माणसाने कुठलं ऑइल टाकलंय माहिती नाही. मी जे टाकत होतो ते साधं डॉट ३. चालेल का?

पाना_बत्तीस:
माफी कसली, जिवंत आहात हे महत्त्वाचं.

ऑइलचं बघा, लष्कराने ऐंशीच्या दशकात या गाड्या सिलिकॉनवर नेल्या, डॉट ५, जांभळट रंगाचं. ते आणि तुमचं डॉट ३ एकमेकांत मिसळत नाहीत. काचेच्या बरणीत पाणी घ्या, मास्टर सिलिंडरमधलं थोडं त्यात टाका, पाण्यात विरघळलं तर डॉट ३ जातीचं, वेगळं तरंगत राहिलं तर सिलिकॉन. दोन्ही दिसलं तर खिचडी झालीये. (डॉट ५.१ नावाने फसू नका, ते सिलिकॉन नाही, ३ आणि ४ च्याच घराण्यातलं आहे.)

खरं सांगायचं तर टेस्ट काहीही येवो, तुम्ही सगळंच काढा. एअरपॅक रिबिल्ड किंवा बदली, मास्टर सिलिंडर, सहाही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी होज सगळे. एका ठिकाणी नवीन सील लावून प्रेशर नीट यायला लागलं की पुढचा म्हातारा सील फुटतो, हे मी स्वतः भोगलंय, एकेक करत चार वेळा एअर काढली. लोखंडी नळ्या आतून धुवून घ्या, मग एकच ऑइल ठरवून भरा. सिलिकॉन भरणार असाल तर हळू भरा, बाटली हलवू नका, बुडबुडे धरतं आणि मग पेडल स्पंजसारखं लागतं.

शेवाळ_इन_टँक:
टाकी उतरवून धुवाच. पन्नास गॅलनची आहे, १९० लिटर, रिकामी करूनच उतरवा, एकट्याने नको. आत मूठभर नट टाकून गदगदा हलवली की पापुद्रे सुटतात, नंतर सगळे नट मोजून बाहेर काढा (मी एक विसरलो होतो, वळणावर आवाज यायचा). आणि नवीन पंप बसला की एअर काढायला तोच वापरा, स्विच ऑन करून ठेवायचा आणि फिल्टरवरचे एअरचे स्क्रू क्रमाने सोडत जायचे, सेल्फ मारत बसायची गरज नाही. पुढे महिनाभर फिल्टरचे खालचे कॉक रोज उघडून बघा, पाणी आणि घाण येत राहील.

पंपाच्या सीलचं शेवटी करा, पण करा. तोपर्यंत डिपस्टिक रोज.

गंजलेला_बोल्ट:
आणि चाकं काढणार आहात तर दोन गोष्टी. ड्रायव्हरच्या बाजूच्या तिन्ही चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. दुसरं, रिम लॉक रिंगवाली आहे, टायर सोडवायचा असेल तर आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण शून्य करा, आणि परत भरताना पिंजऱ्यात, नाहीतर ज्याच्याकडे पिंजरा आहे त्याच्याकडे. ती रिंग सुटली तर माणूस मरतो. हे काम घरी करायचं नाही.

धागाकर्ता:
बोल्टभाऊ, उलट्या आट्यांचं दोन तास आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. चार फुटी पाईप लावून सगळं वजन टाकलं होतं. एक स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटला. आता तो हबमधून कसा बाहेर काढायचा, ठोकून निघतो की प्रेस लागतो?

गंजलेला_बोल्ट:
हब आणि ड्रमचा फोटो टाका, मग सांगतो. आणि तो पाईप जरा बाजूला ठेवा.