कामासाठी वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम हवी आहे: मिंट, सिल्व्हरब्लू की क्यूब्स?

प्रश्न

मी घरून भाषांतराचे काम करते. लॅपटॉप एकच आहे. त्यावर विंडोज ११ होम, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. ग्राहकांची कागदपत्रे, बँकेची विवरणपत्रे, घरचे फोटो आणि मुलीचा अभ्यास हे सारे एकाच डाउनलोड्स फोल्डरमध्ये येऊन पडते. मागच्या महिन्यात एका ग्राहकाला भाषांतर पाठवताना माझ्याकडून दुसऱ्याच ग्राहकाचा करारनामा जोडला गेला. दोन्ही फाईलींच्या नावांत केवळ तारखेचा फरक होता. त्यांनी समजून घेतले, परंतु गोपनीयतेची लेखी हमी दिलेली असताना असे घडावे, हे मला अजून लागून राहिले आहे.

तेव्हापासून कामासाठी निराळी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी असे मनात आहे. लिनक्स मिंट, फेडोरा सिल्व्हरब्लू आणि क्यूब्स अशी तीन नावे वाचनात आली. अडचण अशी की भाषांतराचे माझे मुख्य सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. शिवाय नवे ग्राहक ई-मेलने जी वर्ड किंवा पीडीएफ फाईल पाठवतात, ती उघडून पाहिल्याशिवाय कामाचा अंदाज देता येत नाही, आणि अनोळखी फाईल उघडताना दर वेळी धाकधूक वाटते. काय निवडावे?

पहिला प्रतिसाद

तुम्ही सांगितलेली चूक नीट पाहिली, तर ती काम आणि घर यांच्या सरमिसळीतून झालेली नाही. दोन्ही फाईली कामाच्याच होत्या. उद्या तुम्ही कामासाठी स्वतंत्र सिस्टीम घेतलीत, तरी ते दोन्ही करारनामे तिथेही एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसतील. त्यामुळे आधी नेमके कशापासून काय वेगळे करायचे आहे, ते ठरवा, कारण सिस्टीमची निवड त्यावरच अवलंबून आहे.

ड्युअल बूटबद्दल, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सिस्टीम बसवून सुरू करताना एक निवडण्याबद्दल, सांगायचे, तर विंडोज आणि मिंट एकाच डिस्कवर ठेवल्याने आपोआप भिंत उभी राहत नाही. विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा तिचा विभाग) एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे पासवर्ड किंवा कीविना वाचता न येणारे, नसेल, तर मिंटच्या फाईल मॅनेजरमध्ये ते एका क्लिकने उघडते. उलट बाजूने विंडोजला लिनक्सचे पार्टिशन सहजी वाचता येत नसले, तरी प्रशासकाचे अधिकार मिळालेला घातक प्रोग्राम ते पुसून टाकू शकतो. हा मार्ग घ्यायचाच असेल, तर मिंट एन्क्रिप्ट करूनच बसवा, विंडोजमधील फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती की मागू शकते, आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच फाईलींपर्यंत पोचता येत नाही. शिवाय तुमचे मुख्य सॉफ्टवेअर विंडोजवरच असल्याने दिवसातून चार वेळा लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागेल. असा नेम फार दिवस टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

सिल्व्हरब्लूविषयी एक गैरसमज आढळतो. तिचा गाभा फक्त वाचता येतो, बदलता येत नाही, आणि अपडेट बिघडले, तर आधीच्या आवृत्तीवर परतता येते, ही सोय उत्तम आहे. मात्र तिथे संरक्षण मिळते ते सिस्टीमच्या फाईलींना. तुमच्या स्वतःच्या फाईलींचे होम फोल्डर नेहमीसारखेच एकत्र राहते.

दुसरा प्रतिसाद

मी तीन वर्षे क्यूब्स वापरते आहे, म्हणून तिच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्ही सांगते. २०१२ साली तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. झेन या हायपरवायझरच्या (एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधारे ती लॅपटॉपचे अनेक स्वतंत्र कप्पे करते, आणि प्रत्येक खिडकीला त्या कप्प्याच्या रंगाची चौकट असते. माझ्याकडे प्रत्येक मोठ्या ग्राहकासाठी एक कप्पा आहे. एका कप्प्यातला मजकूर दुसऱ्यात न्यायचा, तर नेहमीप्रमाणे कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचे, दुसऱ्या खिडकीत जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबायचे आणि मगच पेस्ट करायचे. हा त्रास मुद्दाम ठेवलेला आहे, आणि त्याच क्षणी चौकटीचा रंग पाहून मी दोनदा चूक होता होता थांबले आहे. अनोळखी अ‍ॅटॅचमेंट तात्पुरत्या कप्प्यात उघडते. खिडकी बंद केली की तो कप्पा नाहीसा होतो. संशयास्पद पीडीएफच्या पानांची नुसती चित्रे करून त्यांपासून नवी, निर्धोक पीडीएफ बनवण्याचीही सोय आहे.

मात्र क्यूब्ससाठी किमान ६ जीबी रॅम लागते आणि १६ जीबी असावी असे सांगितले जाते, म्हणजे तुमचा लॅपटॉप जेमतेम पुरेल. कप्प्यांना ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होत नसल्याने व्हिडिओचा सारा भार प्रोसेसरवर पडतो. विंडोज एखाद्या कप्प्यात चालवता येते, पण तिची देखभाल आपल्यालाच करावी लागते. त्यातच हा लॅपटॉप मुलगीही वापरते. म्हणून मला स्वतःला क्यूब्स कितीही प्रिय असली, तरी तुम्हाला ती सुचवणार नाही.

तिसरा प्रतिसाद

वरील दोघींशी सहमत आहे. माझ्या मते विंडोज जागेवर राहू द्यावी आणि दुसरी सिस्टीम तिच्या आत आणावी. व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आत आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून त्यात मिंट घाला, तिला ४ जीबी रॅम द्या आणि सर्व काही अद्ययावत झाल्यावर एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवा. नव्या ग्राहकांची ई-मेल तिथेच उघडा. लिबरऑफिसमध्ये फाईल पाहून शब्दसंख्या कळते आणि अंदाज देता येतो. त्यानंतर स्नॅपशॉटवर परत गेलात की उघडलेल्या फाईलीने केलेले बदल उरत नाहीत. मात्र या पद्धतीने धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही.

घरासाठी विंडोजमध्ये स्वतंत्र, प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते उघडा, म्हणजे मुलीला तुमचे फोल्डर दिसणार नाही. ग्राहकांसाठी व्हेराक्रिप्टमध्ये (फाईली एन्क्रिप्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येकी एक एन्क्रिप्टेड कप्पा करा आणि एका वेळी एकच उघडा. फाईल जोडताना दुसऱ्या ग्राहकाचा कप्पा बंद असेल, तर त्याचा करारनामा निवडायला समोर येणारच नाही. डाउनलोड्समध्ये मात्र काही शिल्लक ठेवू नका, नाहीतर मूळ अडचण तशीच राहील.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. चूक दोन ग्राहकांमधली होती, ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. तिसऱ्या प्रतिसादातील मार्ग घेते आहे. एकच शंका उरते: काम पक्के झाल्यावर मिंटमधील फाईल विंडोजमध्ये कशी आणावी? त्यासाठी सामायिक फोल्डर कायम चालू ठेवावे का?

तिसऱ्या प्रतिसादकर्त्याकडून

कायम ठेवू नका. एक रिकामे फोल्डर सामायिक करा, काम स्वीकारल्यावरच ते जोडा, फाईल घेतली की लगेच तोडा. त्यात दुसरे काहीही ठेवू नका. क्लिपबोर्डही दोन्ही बाजूंनी बंद असू द्या. विंडोजमध्ये आल्यावर वर्डची फाईल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्येच (बदल न करता नुसती पाहण्याच्या सुरक्षित स्थितीतच) पाहा आणि मॅक्रो (फाईलीत दडलेला छोटा प्रोग्राम) चालू करण्याची विनंती आली, तर ती नाकारून ग्राहकाकडून मॅक्रोविना फाईल मागवा.