डीव्हीडी प्लेयर 'नो डिस्क' म्हणतोय, उघडून लेन्स पुसू का?

रामबागचा_बाळ्या
नमस्कार मंडळी. बाबांचा डीव्हीडी प्लेयर आहे, बारा-तेरा वर्षं जुना, पण त्यांचा जीव आहे त्यात. कुमारजींच्या, भीमसेनजींच्या मिळून साठेक सीडी, सकाळी पोहे होईपर्यंत एक लागणारच. पाऊस सुरू झाल्यापासून याची नाटकं चालू झालीत. सकाळी सीडी टाकली की दोनदा घुर्र करतो आणि 'नो डिस्क', दुपारी तीच सीडी मुकाट्याने चालते. काही सीडी मात्र कधीही लावा, शेवटच्या दोन गाण्यांवर अडकतातच. बाबा दर वेळी जुन्या बनियनने सीडी गोल गोल घासून चकाचक करतात, काही फरक नाही. जेल रोडला एकाला दाखवला तर त्याने स्क्रू पण न उघडता सांगितलं, पिकअप (म्हणजे सीडी वाचणारा लेझर-लेन्सचा भाग) गेला, टाका नवीन नाहीतर द्या भंगारात. एका व्हिडिओत बघितलं की झाकण काढून लेन्स सेंटने पुसायची. करू का? घरात पाच वर्षांची पोरगी आहे, आजोबांचं शेपूट, म्हणून जरा भीती वाटते.

सोल्डरवाला_भिया
सेंट नको रे बाबा!! त्यात सुगंधाचं तेल असतं, लेन्सवर त्याचा थर बसतो मग पुसत बस. थिनर, पेट्रोल तर अजिबात नको, लेन्स प्लॅस्टिकची असते, कायमची धुरकट होईल.
आणि आधी उघडूच नको. सकाळी बंद, दुपारी चालू, हे लेन्स गेल्याचं लक्षण नाही, सीलनचं आहे. त्या खोलीत रात्री एसी असतो का? असेल तर बघ, रात्रभर प्लेयर गार पडतो, सकाळी तुम्ही एसी बंद करून खिडक्या उघडता, बाहेरची दमट हवा आत येते आणि गार लेन्सवर दव धरतं, चष्मा घालून चहाच्या पातेल्यात डोकावल्यावर होतं ना तसंच. उपाय फुकट आहे, सीडी बाहेर काढून प्लेयर तास-दोन तास नुसता चालू ठेव, आतल्या गरमीने सुकतो. हेअर ड्रायर मारू नको.
डीव्हीडी लावून पण बघ. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा, म्हणजे दोन वेगळे. डीव्हीडी कायम धडाधड चालते आणि सीडी दुपारी पण नाही, असं झालं तर मग त्या दुकानवाल्याचं खरं मानू.

बडोद्याची_मैना
मला एक सांग, बाबांकडे आधी रेकॉर्ड प्लेयर होता का? कारण हे गोल पुसणं तिथलं आहे. आमचे मामा अगदी तसंच करायचे, एलपी खाचांच्या दिशेने गोलच पुसतात ना, तोच हात सीडीवर चालायचा. सीडीवर मधल्या भोकापासून बाहेर सरळ पुसायचं. गंमत अशी की आडवा ओरखडा ट्रॅकला, म्हणजे डेटाच्या गोल रेघेला, एकेका जागी छेदतो, प्लेयर गणित करून तेवढी जागा भरून काढतो, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत. पण गोल ओरखडा ट्रॅकच्या बरोबरच धावतो, मग लांबच लांब डेटा गायब. आणि सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी काठाकडे, जिथे आपली बोटं लागतात. म्हणून भरलेल्या सीडीची शेवटचीच दोन अडकत असणार. साध्या पाण्यात किंचित साबण, मऊ कापड, नीट सुकवून मग लावायची.
आणि छापलेल्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका!!! सगळे खालची चकचकीत बाजू जपतात, पण खाली सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लॅस्टिक आहे, डेटा वर आहे, छापील बाजूच्या पातळ लॅकरखाली. तिथे खरचटलं की संपलं.

इंदौरी_निवांत
लेन्स क्लीनरची सीडी मिळते की, खाली छोटे ब्रश असतात, टाकली की काम झालं. एवढं काय डोकं लावता.

सोल्डरवाला_भिया
भाऊ, ती हलक्या धुळीला ठीक आहे. पण लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते आणि सीडी सुरुवातीला मिनिटाला ५०० फेरे घेते, त्या वेगात कडक ब्रश लेन्सवर आपटला तर? मी दोन पिकअप असेच मेलेले बघितलेत. मी तरी नाही टाकत.
बाळ्या, एवढं करून पण जमलं नाही तरच उघड. आधी प्लग भिंतीतून काढ, नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ राहतात, त्या बाजूला बोट नाही. पंपाने फुंकर मार, तोंडाने नको, थुंकी उडते. मग इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलसर स्पर्श, न दाबता एकदाच फिरव. झाकण उघडं ठेवून चालू करून लेन्समध्ये डोकावायचं नाही, सीडीचा लेझर डोळ्याला जेमतेम दिसतो पण असतो जोरदार. झाकण लावलेलं असलं की काही भीती नाही, पोरीला खुशाल बसू दे समोर. फक्त ट्रे हाताने ढकलायला देऊ नको, बटण दाबायला शिकव, त्याचे गियर प्लॅस्टिकचे असतात. आणि चिरलेली सीडी कधीच लावायची नाही, आत फुटू शकते.

रामबागचा_बाळ्या
अपडेट. एसी असतोच, तिथेच बाबा झोपतात. आणि लिहायला लाज वाटते, पण प्लेयरवर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर होतं, चालू असताना पण, वरच्या सगळ्या जाळ्या बंद!! कव्हर काढलं, सकाळी तासभर रिकामा चालू ठेवला, तीन दिवस झाले 'नो डिस्क' आलं नाही. उघडलाच नाही. रेकॉर्ड प्लेयर होता हो मैनाताई, एचएमव्हीचा, बाबा विचारतात तुम्हाला कसं कळलं. धुतल्यावर अडकणाऱ्या सातपैकी पाच सीडी सुधारल्या. एक गोल ओरखड्यांनी गेलेलीच आहे. आणि एकीवर छापील बाजूने बाबांनीच बॉलपेनने तारीख घातलीय, उजेडात धरली की आकड्यांतून पलीकडचं दिसतं. ती दुसऱ्या कोणाकडून कॉपी करून मिळेल का बघतोय. कव्हर आता मिक्सरवर गेलंय, आई बोलत नाहीये.