मंडळीतली रीत आणि आपल्या अपेक्षा विश्वासाच्या आड येतात तेव्हा

तरुणसंघ_सांगली
सर्वांना ख्रिस्तात सलाम. तरुण संघासाठी चार बैठकांचा शास्त्राभ्यास घ्यायचा आहे. प्रत्येक बैठक तासाभराची, पंधरा-वीस जण. विषय वर दिलाच आहे. कोणते उतारे घ्यावेत? उपासनेत ऑर्गन की टाळ-मृदंग यावरून मंडळीत आधीच कुरबुर आहे, त्यामुळे अभ्यासाला ‘तरुण विरुद्ध वडील’ असं वळण लागू नये, ही मोठी काळजी.

शास्त्रपाठ
मार्क ७ ने सुरुवात करू नका. परूशी (रिती काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी) म्हटलं की प्रत्येकाला समोरचाच दिसतो, आणि पहिल्याच दिवशी वडील मंडळावर खटला उभा राहतो.

आधी नामान घ्या, २ राजे ५. तो अरामाचा सेनापती, कोड बरं व्हावं म्हणून संदेष्टा अलीशाकडे आलेला. दहावी ओवी संपली की वाचन थांबवा: अलीशाने निरोप्या पाठवला, यार्देनेत सात वेळा स्नान कर. आता पुस्तकं मिटायला सांगून विचारा, नामानाला काय अपेक्षित असेल? त्यानंतरच ११ आणि १२ वाचा. संदेष्टा स्वतः बाहेर येईल, देवाचा धावा करील, हात फिरवील, असं सगळं चित्र त्याने मनात रंगवून ठेवलं होतं. दहा किक्कार चांदी आणि सहा हजार शेकेल सोनं (ही तेव्हाची वजनं) घेऊन आलेल्या सेनापतीला साधा निरोप पचत नाही. बरं होण्याचा मार्ग समोर असताना तो रागाने परत निघाला होता. चाकरांनी समजावलं म्हणून थांबला.

शेवटची पंधरा मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावं: मी सध्या कशासाठी प्रार्थना करतो, आणि उत्तर कोणत्या रूपात आलं तरच ते उत्तर मानीन? चिठ्ठ्या मोठ्याने वाचू नयेत. वाचायच्या आहेत असं कळलं की लोक शोभेची उत्तरं लिहितात.

मार्क ७:१–१३ दुसऱ्या बैठकीत. जेवणाआधी हात धुण्याच्या रितीवर फार वेळ घालवू नका, खरा घाव ‘कुर्बान’वर आहे. देवाला अर्पण केलं म्हणायचं आणि आईबापांना द्यायचं टाळायचं. रीत जुनी आहे हा येशूचा आक्षेप नाही. तिच्या आडून आज्ञा मोडली जाते, हा आहे.

जुना_करार
यात एक भर हवीच, नाहीतर मुलं ‘परंपरा म्हणजे वाईट’ एवढंच घेऊन घरी जातील. प्रभुभोजनाची रीत पौलाने ‘मला मिळाली ती तुम्हांला दिली’ अशीच सांगितली आहे (१ करिंथ ११:२३).

तिसऱ्या बैठकीला पितळी साप घ्या. गणना २१ मध्ये तो देवाच्याच सांगण्यावरून बनला, साप चावलेल्यांनी त्याच्याकडे पाहून जगावं म्हणून. २ राजे १८:४ मध्ये लोक त्याला धूप जाळू लागले म्हणून हिज्कीया राजाने तो फोडला. पण योहान ३:१४ मध्ये येशू स्वतः उंच केला जाण्यासाठी त्याच सापाचा दाखला देतो. वस्तू गेली, अर्थ टिकला. तिन्ही उतारे एकाच बैठकीत वाचा. मधला एकटाच वाचला तर फक्त फोडाफोड लक्षात राहते.

साताऱ्याहून
टाळ-मृदंगाबद्दल. ती कालची फॅशन नाही. कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती अभंग आणि कीर्तन शंभर वर्षांपूर्वीच मंडळीत रुजवलं. १९१७ साली इथे साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालत. त्यांची पदं ‘उपासना संगीत’ या मंडळीच्या गीतपुस्तकात आहेतच. उपासनेचा क्रम तसाच ठेवून त्यातलं एकच पद, सगळ्यांना येणारं, टाळावर घ्या, तेही पाळकांना आधी विचारून. एकदम सगळं बदललं की गाण्यापेक्षा बदलाचीच चर्चा होते. आणि ऑर्गनवर ज्यांचं मन लागतं त्यांची भक्ती परकी ठरवू नका, तोही तितकाच हट्ट होईल.

शास्त्रपाठ
चौथ्या बैठकीला प्रेषितांची कृत्ये १०. दृष्टान्तात अशुद्ध प्राणी मारून खा असं सांगितलं तेव्हा पेत्र देवालाच ‘नको, प्रभू’ म्हणतो, आणि त्याच्या बाजूला लेवीय ११ चा, म्हणजे खाण्याच्या नियमांचा, आधार आहे, म्हणून हा उतारा सगळ्यांत अवघड. ओव्या ४४–४८ सोडू नका: यहूदी नसलेल्यांवर आत्मा आधी उतरतो, बाप्तिस्मा मागाहून. या बैठकीला वडील मंडळींनाही बोलवा, आणि वाचन त्यांच्यापैकी एखाद्याला द्या.